मिसेस हार्डकासलची पळपुटी ऊब

माझं नाव क्लिफर्ड ओल्डरॉइड. हे नाव नुसतं ऐकलं तरी आमच्या स्किप्टन गावातले गुन्हेगार थरथरतात. सध्या फेब्रुवारी असल्यामुळे बाकीचेही थरथरतायत, त्यामुळे त्यातले गुन्हेगार नेमके कोणते हे ओळखणं जरा जड जातं. चालायचंच.

तीस वर्षं मी बसमध्ये तिकिटं तपासली. नुसता चेहरा बघून सांगायचो, हा फुकट्या. एकदा एका पाद्र्याला भर पावसात खाली उतरवलं. त्याच्याकडे तिकीट होतं ही गोष्ट वेगळी. चेहरा फुकट्याचाच होता, यावर मी आजही ठाम आहे. निवृत्त झाल्यावर अशी नजर गंजत पडू नये म्हणून मी खासगी गुप्तहेर झालो. गल्लीतल्या हरवलेल्या कचऱ्याच्या डब्याचा छडा मीच लावला. डबा आमच्याच अंगणात निघाला. पण निघाला की नाही?

मेविस ही माझी बायको आणि सहायक. यातलं एकही पद आपण मागितलं नव्हतं, असं ती चारचौघांत सांगते.

तर एके सकाळी दार वाजलं. दारात लोकरी टोपी, ओव्हरकोट, मफलर आणि त्यावर घोंगडी असा एक ढीग उभा होता. ढिगाच्या मधोमध दोन डोळे. मी ताबडतोब ओळखलं.

"परदेशी आहात," मी म्हणालो. "बहुधा रशिया."

"अरे बाळा, मी विनिफ्रेड हार्डकासल. तीन घरं सोडून राहते."

"मिसेस हार्डकासल! एवढ्या कपड्यांत कुठे निघालात?"

"कुठे निघणार? घरातून आलेय. बाहेर जरा बरं वाटतंय." असं म्हणून तिने हातमोजे काढले.

मेविसने तिला शेगडीजवळ बसवलं आणि सगळी हकीकत बाहेर आली. ख्रिसमसला तिचा मुलगा नाइजेल दक्षिणेतून आला होता. (दक्षिणेत म्हणजे लंडनकडे. तिथे आभाळ आलं की लोक हिवाळा म्हणतात.) भिंतीवरची, घराची ऊब कमीजास्त करायची जुनी गोल चकती त्याने उपटून काढली आणि नवीन बिनतारी बसवलं. आता एक पांढरी डबी खोलीतली ऊब मोजते, हवेतूनच बॉयलरला निरोप देते, बॉयलर पेटतो किंवा विझतो आणि नाइजेलला तिकडे फोनवर सगळं दिसतं.

"आणि घर गार पडतं?" मी विचारलं.

"बर्फ रे! सकाळी उठते तेव्हा छान उबदार असतं. खाली येऊन माझ्या खुर्चीत बसले की लागलं गारठायला. जसजशी मी काकडते तसतसं आणखी गार. लोण्यात सुरी घुसत नाही. नाइजेलला सांगितलं तर म्हणतो, आई, फोनवर सव्वीस दिसतंय. सव्वीसात लोक समुद्रावर उघडे पडतात." तिने शेगडीकडे हात पुढे केले. "त्याला वाटतंय माझं डोकं फिरलंय. शनिवारी येतोय. म्हातारपणी ठेवतात ना, तसल्या एका ठिकाणाचं माहितीपत्रक घेऊन. 'सूर्यकिरण निवास'. त्यावरच्या म्हाताऱ्या फोटोत इतक्या हसतात, मला भीतीच वाटते. क्लिफर्ड, त्या घरात मी लग्न होऊन आले रे."

मेविसने तिचा हात धरला. मी उठून उभा राहिलो. असे प्रसंग उभं राहूनच शोभतात.

"मिसेस हार्डकासल, शनिवारपर्यंत चोर तुमच्यासमोर उभा करतो."

"चोर कसला?" मेविस म्हणाली.

"उबेचा!"

आम्ही घटनास्थळी पोचलो. बैठकीच्या खोलीत तोंडातून वाफ निघत होती. मी भिंग काढलं, त्यावर धुकं धरलं, ते पुसलं, पुन्हा धरलं. शेवटी नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. खिडकीशी खुर्ची. खुर्चीशेजारी छोटं टेबल. टेबलावर ती पांढरी डबी आपल्या स्टँडवर साळसूदपणे उभी.

"ही इथे कुणी ठेवली?"

"नाइजेलने. म्हणाला, आई, तू बसतेस तिथेच ठेवू, म्हणजे तुझ्यापुरती ऊब नीट मोजेल."

मी डबीकडे रोखून बघितलं. तिच्यावर पंचवीस आकडा होता. माझं नाक मात्र सुन्न पडलं होतं. दोघांपैकी एक जण खोटं बोलत होतं, आणि माझं नाक मी साठाहून जास्त वर्षं ओळखतो.

"मला विचार करायला लागेल," मी म्हणालो. "आणि विचाराला चहा लागेल."

मिसेस हार्डकासलचा चेहरा खुलला. तिने मोठी चिनीमातीची किटली भरून आणली, तिला जांभळं लोकरी टोपरं घातलं आणि टेबलावर ठेवली. त्या घरात चहा त्याच टेबलावर येतो, राणीच्या राज्याभिषेकापासून. आम्ही प्यायलो. विचार केला. खोली आणखी गार झाली. मी आणखी चहा मागवला.

दुसऱ्या किटलीला उलगडा झाला. भिंतीपलीकडे कोण राहतं? पिकर्सगिल! बिनतारी निरोप भिंतीतूनही जातो. म्हणजे पिकर्सगिलने आपल्या घरी चोरून दुसरी डबी लावलीय, इथली ऊब तिकडे ओढून घेतोय आणि मजेत शेकतोय.

"ऊब म्हणजे काय मांजर आहे का," मेविस म्हणाली, "शेजारच्याने दूध दाखवलं की जायला?"

मी तडक उठलो. जाऊन पिकर्सगिलचं दार वाजवलं. त्याने उघडलं आणि मला बोलायचीही गरज उरली नाही. बाहेर दव गोठलेलं, आणि हा मनुष्य अर्ध्या चड्डीत! गुडघे उघडे!

"सापडलास!" मी ओरडलो. "फेब्रुवारीत चड्डी! एवढी ऊब कुठून आणलीस?"

"क्लिफ," पिकर्सगिल शांतपणे म्हणाला, "मी पोस्टमन आहे."

आमच्याकडे पोस्टमन बर्फातही चड्डीतच हिंडतात; का, ते त्यांनाही ठाऊक नाही. मी डोकावून बघितलं, त्याचं घर आमच्या घराइतकंच गार होतं. त्याने तुझी चिठ्ठी आलीय म्हणून एक पाकीट माझ्या हातात दिलं आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी नव्या तर्कासह हजर झालो. मिसेस हार्डकासल तेव्हा दोन स्वेटर घालून तिसरा विणत होती.

"हर्बर्ट," मी हळूच म्हणालो.

"माझा हर्बर्ट? तो जाऊन नऊ वर्षं झाली."

"म्हणूनच. आयुष्यभर तो काय म्हणायचा?"

"गार वाटतंय तर आणखी एक स्वेटर घाल, म्हणायचा. चकतीला हात लावलेला खपायचा नाही त्याला."

"बघा! नाइजेलने त्याची लाडकी चकती उपटली. त्याचा आत्मा खवळला. आता तो अदृश्यपणे बॉयलर विझवतोय!"

मिसेस हार्डकासलने विणकाम खाली ठेवलं. क्षणभर तिच्या चेहऱ्यावर भीतीऐवजी आनंद दिसला. "हर्बर्ट, तू आहेस का रे?" तिने छताला विचारलं. "असलास तर जिन्याखालचा नळ गळतोय, तेवढा बघ."

नळ गळतच राहिला.

"हर्बर्टचं भूत असतं," मेविस म्हणाली, "तर आधी दिवे गेले असते. तो खोलीतून जाताना माणसं आत बसलेली असली तरी दिवा मालवायचा."

या मुद्द्यात दम होता. तरी पण मी सोफ्यामागे दबा धरून बसायचं ठरवलं. भुताची वाट बघत बसणं म्हणजे गारठ्याचं काम. मी तिथून अधूनमधून फक्त हात बाहेर काढायचो आणि मिसेस हार्डकासल त्यात कप द्यायची. किटली रिकामी व्हायच्या आत दुसरी येत होती. मेविसच्या नाकाचा शेंडा जांभळा झाला, टोपऱ्याच्या रंगाचा.

"क्लिफ, तू आलास की हे घर जास्त गार पडतं," ती म्हणाली.

"गुन्हेगार घाबरलाय," मी सोफ्यामागून म्हणालो. "आपण जवळ पोचलोय."

आता मागे वळून बघताना वाटतं, आम्ही खरंच फार जवळ पोचलो होतो.

शनिवार उजाडला. तोवर मला खरा गुन्हेगार समजला होता, आणि तो स्वतःच्या पायांनी गाडीतून उतरत होता. नाइजेल. एका हातात फोन, दुसऱ्या हातात माहितीपत्रक, आणि तोंडात तसला मऊ आवाज, जो लोक लहान मुलांशी आणि आजारी कुत्र्यांशी काढतात.

"आई, कशी आहेस तू?"

"गारठलेय."

"बरं, बरं. आपण निवांत बोलू हं."

मी सगळ्यांना बैठकीच्या खोलीत जमवलं. मेविस, मिसेस हार्डकासल, नाइजेल, आणि पार्सल द्यायला आला म्हणून पिकर्सगिललाही थांबवलं. रहस्य उलगडताना खोली भरलेली असावी. सगळे कोटांत होते, एक सोडून. तो चड्डीत होता.

"या खोलीत," मी सुरुवात केली, "एक जण असा आहे, जो शेकडो मैलांवरून बोट फिरवून आपल्या जन्मदात्रीला गोठवतोय! घर रिकामं व्हावं म्हणून! नाइजेल हार्डकासल, तुझा फोन दाखव!"

नाइजेलने फोन पुढे केला. "बघा ना. वीसवर लावलंय, ख्रिसमसपासून हात लावलेला नाही. आत्ता एकोणीस आहे. म्हणजे बॉयलर चालू. सगळं ठीक आहे, मिस्टर ओल्डरॉइड. ठीक नाहीये ती..." तो थांबला आणि आईकडे बघून मऊ हसला.

नाइजेलने मांडीवर ठेवलेलं माहितीपत्रक मिसेस हार्डकासलने उलटं करून ठेवलं. मग उठली. "लांबून आलायस. आधी चहा घे," म्हणाली. तिने किटली आणली, टोपरं घातलं, टेबलावर ठेवली आणि सगळ्यांना कप दिले.

"बघा, बघा!" नाइजेल एकदम फोनकडे बघून ओरडला. "एकवीस! आई, घर तापतंय! तेवीस! जाणवतंय ना?" त्याच्या तोंडातून वाफेचे लोट निघत होते. "पंचवीस! सव्वीस!" आणि त्याने कोटाची कॉलर वर केली.

"बाळा," मिसेस हार्डकासल म्हणाली, "तुझे दात वाजतायत."

"नाही वाजत! सव्वीस आहे!" नाइजेल दात वाजवत म्हणाला.

तेवढ्यात मधेच उठून गेलेली मेविस आल्याच्या केकची थाळी घेऊन स्वयंपाकघरातून आली. आमच्या नाट्यमय क्षणाचं तिला सोयरसुतक नव्हतं. थाळी जड होती आणि टेबलावर जागा नव्हती. "हा खोका कुणी मध्येच ठेवलाय," असं पुटपुटत तिने ती पांढरी डबी उचलली, खोलीच्या दुसऱ्या टोकाला पुस्तकांच्या कपाटावर ठेवली आणि थाळी टेबलावर ठेवली.

मी तेवढ्यात नाइजेलच्या बालपणातल्या काही संशयास्पद गोष्टींकडे वळलो होतो. पहिला केक संपला, दुसरा सुरू झाला, आणि स्वयंपाकघरात बॉयलर "भुस्स" करून पेटला.

"अठरा," नाइजेल फोनकडे बघत म्हणाला. "सतरा... पंधरा? हे खाली कसं आलं?"

मिसेस हार्डकासल कपाटावरच्या डबीकडे बघत होती. मग टेबलावरच्या किटलीकडे. मग पुन्हा डबीकडे. ती उठली, किटली उचलली आणि कपाटाशी जाऊन डबीला चिकटवून ठेवली. तिथेच कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. जरा वेळाने बॉयलर विझला.

तिने किटली उचलली. आणखी जरा वेळ गेला. भुस्स.

"हर्बर्ट नाही तर," ती जराशी हिरमुसून म्हणाली. मग नाइजेलकडे वळली आणि तिचा आवाज चढत गेला. "नाइजेल! तुझ्या फोनवर घराची ऊब दिसतच नव्हती! चहाची दिसत होती! गारठले की मी चहा करत होते, चहा आला की ही बया म्हणत होती घर तापलं, बॉयलर विझत होता आणि मी आणखी गारठून आणखी चहा करत होते! सव्वीस म्हणे! समुद्रावर उघडे पडतात म्हणे! आणि हिला माझ्या चहाच्या टेबलावर आणून ठेवलं कुणी?"

नाइजेल लाल झाला. खोली तापायला सुरुवात झाली होती, हेही कारण असेल.

"म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे," मिसेस हार्डकासल म्हणाली.

"हो, आई."

"मोठ्याने बोल. पिकर्सगिलला ऐकू गेलं नाही."

"हो, आई! डोकं ठिकाणावर आहे!"

"मला वाटलंच होतं," पिकर्सगिल म्हणाला. "मला गरम व्हायला लागलं, मी निघतो."

खोली तापवणारे रेडिएटर कुडकुड वाजायला लागले. एकेक कोट उतरला. मिसेस हार्डकासलने दोन स्वेटर काढले, मग तिसराही, आणि ढिगाच्या आतून निघालेली बाई चांगली टुणटुणीत होती. लोणी मऊ पडलं. मी घसा साफ करून म्हणालो, "सज्जनहो, हे प्रकरण मी..."

"तू या घरात किती किटल्या मागवल्यास, क्लिफ?" मेविसने विचारलं.

"तपासाला लागतील तेवढ्या."

"म्हणजे गुन्ह्याचं हत्यार तू स्वतः पुन्हा पुन्हा मागवत होतास. साखर घालून."

मी तिला केक दिला. तोंडात केक असला की ती कमी बोलते.

नाइजेल संध्याकाळी निघाला. जाताना माहितीपत्रक परत मागायचा त्याला धीर झाला नाही.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही मिसेस हार्डकासलकडे चहाला गेलो. घर नुकत्याच भाजलेल्या पावासारखं उबदार. किटली टेबलावर, आणि तिच्याखाली टेबल भाजू नये म्हणून ते 'सूर्यकिरण निवास'चं माहितीपत्रक. चांगल्या जाड कागदाचं होतं. आणि माझ्या तरबेज नजरेने एक भयंकर गोष्ट टिपली. पांढरी डबी पुन्हा टेबलावर होती! किटलीला खेटून!

"मिसेस हार्डकासल! सावधान! कुणीतरी ही..."

मेविसने माझ्या पायावर पाय दिला. जोरात.

मिसेस हार्डकासल खांद्यावर शाल ओढून निवांत बसली होती. डबीवरचा आकडा बघत होती. तेवीस. पंचवीस. सत्तावीस.

फोन वाजला.

"हॅलो? नाइजेल? अरे बाळा, तुला बरी आठवण झाली!" ती म्हणाली आणि आमच्याकडे बघून डोळा मारला. "नाही रे, सगळं ठीक आहे. बस, निवांत बोल. मी आत्ताच चहा केलाय."