गफूरचाचांची चार माणसं

आमच्या दूध संकलन केंद्रावर गफूरचाचा सकाळी आले की आधी संगणकाला सलाम करतात. उभं राहून, टोपी नीट करून. मग एका बोटानं टाइप करतात, 'मुकादम, समदे हजर हायत का?'

मुकादम म्हणजे एआय एजंट. मालकांनी गेल्या वर्षी असे चार बसवून घेतले. एक दुधाची नोंद ठेवतो, दुसरा गाडीचा रस्ता ठरवतो, तिसरा शेतकऱ्यांना मोबाइलवर निरोप धाडतो, आणि चौथा या तिघांकडून काम करून घेतो. पुण्याहून आलेल्या मुलीनं त्यांची इंग्रजी नावं सांगितली. तिची गाडी तामलवाडीचा फाटा ओलांडायच्या आत चाचांनी ती बदलून टाकली. नोंदीवाला तो तलाठी, रस्तेवाला कंडक्टर, निरोपाचा दवंडीवाला आणि वरचा मुकादम.

चाचा केंद्राचे सुपरवायझर, साठी ओलांडलेले. कुणी काही सांगितलं की त्यांचं ठरलेलं, "बराबर हाय. पर का?" मी अकरा वर्षं हे ऐकतोय. यंत्रांनाही त्यांनी सोडलं नाही.

एकदा दवंडीवाल्यानं अणदूरच्या एका शेतकऱ्याला कळवलं, 'आपल्या म्हशीची गुणवत्ता घसरली आहे.' तो मोबाइल नाचवत तरातरा आला. चाचांनी त्याला चहा पाजला आणि दवंडीवाल्याला लेखी समज दिली: दुधाबद्दल बोलावं, म्हशीबद्दल बोलू नये. यंत्रानं माफी मागितली. ती त्यांनी मला मोठ्यानं वाचायला लावली, तेव्हा कुठं गडी शांत झाला.

मध्यंतरी एका सकाळी मुकादमानं कळवलं की एक काम पूर्ण झालं. माळावरच्या वस्तीवर शेवंताबाई एकट्या राहतात, दोन म्हशी सांभाळतात. तीन दिवस त्यांच्या दारात दुधाची किटली दिसली नव्हती. तलाठ्यानं तीनदा शून्य मांडलं, कंडक्टरनं वस्तीचा थांबा काढून टाकला, दवंडीवाल्यानं 'उद्यापासून गाडी येणार नाही' असा निरोप धाडला. सगळं मिनिटभरात. गाडीचा अर्धा तास वाचला म्हणून मालक खूश झाले.

चाचांनी टाइप केलं, 'पर का?'

उत्तर आलं, 'सलग तीन दिवस संकलन शून्य.'

"ते कळलं," चाचा पडद्याकडं बघत म्हणाले. "शून्य का?"

ते चौघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. चाचांनी फोन लावून पाहिला, बंद होता. मग त्यांनी मोटरसायकल काढली आणि मला मागं बसायला सांगितलं.

शेवंताबाई गोठ्यालगतच्या खोलीत पडून होत्या. पाय घसरून पडल्या होत्या, मांडी सुजून टणक झाली होती. मोबाइल कधीच बंद पडलेला. पडल्यावर त्यांनी सरपटत जाऊन रेडकं तेवढी मोकळी सोडली होती, ती प्यायली म्हणून दूध तुंबून म्हशींचे सड सुजले नाहीत. चाचांना पाहून त्या आधी म्हणाल्या, दूध घालता आलं नाही, यादीतून नाव काढू नका.

"नाव हाय तुमचं. पाणी प्या आधी," चाचा म्हणाले.

आम्ही १०८ बोलावली. खालच्या वस्तीवरची एक बाई त्यांच्यासोबत गेली. वैरण टाकून झाल्यावर मी तिथंच मोबाइलवरून मुकादमाला नवा नियम घातला: कुणाचाही थांबा काढण्याआधी माणसानं घरी जाऊन बघायचं. चाचांनी तो दोनदा वाचून घेतला. मग बाह्या वर करून ते म्हशीखाली बसले आणि रेडकांनी शिल्लक ठेवलेलं दूध काढू लागले.



"सुनील," त्यांनी विचारलं, "म्या केंद्रावर आलो न्हाय, तर किती दिवसांनी बघायला येशील?"

मी म्हणालो, "त्याच दिवशी येईन, चाचा."

"घर ठाऊक हाय का?"

मला ठाऊक नव्हतं. अकरा वर्षं आम्ही शेजारी शेजारी बसत होतो. दोन वर्षांमागं चाची गेल्या, तेव्हा चाचा चौथ्या दिवशी कामावर आले, आणि मी तिथंच, त्यांच्या टेबलाशी उभा राहून दोन शब्द बोललो होतो.

चाचांनी हात न थांबवता पत्ता सांगितला. मशिदीमागची गल्ली, पिठाच्या गिरणीवरून डावीकडं, हिरवं दार.

"हाका मारत बसू नगंस," ते म्हणाले. "आतनं कडी लावत न्हाय म्या. ढकललं की उघडतंय."