मसीहाची पार्किंगची जागा

तारणहाराची वाट माणूस पिढ्यानपिढ्या पाहू शकतो, पार्किंगची मात्र त्याला पाच मिनिटंही पाहवत नाही. हैफा शहरात या दोन्ही प्रकारची प्रतीक्षा मुबलक आहे. तिथल्या एका सोसायटीने दोन्ही एकाच नियमात बसवून दाखवल्या, ही दूरदृष्टी कौतुकास्पदच म्हणावी लागेल.

कार्मेल डोंगराच्या उतारावर, बहाई बागांच्या शेजारच्या अरुंद गल्लीत ही सहा बिऱ्हाडांची इमारत उभी आहे. ती बांधणाऱ्या रेगीनाबाई सालोनिकाहून आलेल्या, श्रद्धाळू आणि शिस्तीच्या. (जिना कोणी कुठल्या वारी धुवायचा, तेही त्यांनी दगडात कोरून घेतलं होतं.) नियमावलीत त्यांनी लिहून ठेवलं: 'फाटकाजवळची गाडी लावण्याची एकमेव जागा मसीहासाठी राखीव राहील. तो येईपर्यंत ती त्याच्यासाठी राखावी. तो आल्यावर सभासदांनी योग्य वाटेल ते करावे.' भाकिताप्रमाणे मसीहा गाढवावर बसून येणार असल्याने जागेचं माप एक गाढव, अधिक स्वार, अधिक उतरायला लागणारी ऐसपैस जागा, असं धरलं होतं. तेवढ्यात एक छोटी मोटार बेताने मावते.

रेगीनाबाई निवर्तल्या, पण नियम राहिला. सगळ्या धर्मांच्या सभासदांनी तो निमूटपणे पाळला, कारण जी जागा कोणालाच मिळत नाही तिच्यावरून कोणी कोणावर जळत नाही.

सोसायटीचा अध्यक्ष एफ्राइम बुझाग्लो, बंदरातला निवृत्त क्रेनचालक. मसीहा अजून यायचा आहे, हे त्याने यहुदी म्हणून सत्तर वर्षं तक्रार न करता मान्य केलं होतं. मग त्याच्या बायकोचं, सोलिकाचं, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि त्याला पहिल्यांदा शंका आली.

अडचण साधी होती. गाडी लावायची ती डोंगराच्या पायथ्याशी, आणि तिथून घरापर्यंत नुसत्या पायऱ्या. फाटकात क्षणभर थांबून बायकोला उतरवावं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हैफाची बस पाहिलेली नाही. सोलिकाला गाडीतून उतरायला दहा मिनिटं लागत. पहिल्या आणि शेवटच्या प्रयत्नात मागच्या बसमधल्या चाळीस उतारूंनी त्या दहा मिनिटांत तिच्या माहेरचा उद्धार केला. तेव्हापासून तीन महिने सोलिका घरात होती, आणि मासे आणायला एफ्राइम जात होता.

"हा मासा तू विकत आणलास की उकरून काढलास?" सोलिका विचारी.

"ताजा आहे म्हणाला तो."

"ताजा? नोहाला विचार, त्याने ओळखला असता."

लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली होती. टोमण्यांची त्याला सवय होती, उलट त्यांच्यावरच तो जगत आला होता. पण अलीकडे ती टोमणा मारून खिडकीशी जाऊन बसायची आणि खाली बाजाराच्या दिशेला बघत राहायची. ते त्याला बघवेना. स्वतः मासा निवडणं, कल्ला उघडून बघणं, विक्रेत्याला चार शब्द सुनावणं, एवढंच तिला हवं होतं. आणि तिच्या नि माशाच्या मध्ये आता एकच व्यक्ती उभी होती, तीही अजून न आलेली.

एफ्राइमने मग नियम पुन्हा वाचला. मसीहा येईपर्यंत जागा राखीव. म्हणजे तो आलेला असेल, तर प्रश्नच मिटला! सहापैकी चार मतांनी तसा ठराव झाला की झालं. त्याने 'आगमनाची सद्यस्थिती' या विषयावर दारोदार पाहणी केली. निष्कर्ष असे:

जिर्यीस न्हावी, ग्रीक कॅथलिक: आला होता, गेला, पुन्हा येणार. (जागा रिकामी दिसते, पण माणूस जाऊन येतो म्हणालाय.)

हज्जा नईमा, सुन्नी मुसलमान: हजरत ईसा दमास्कसच्या पांढऱ्या मनोऱ्यापाशी उतरणार, मग लोदला खोट्या मसीहाला संपवायचं मोठं काम आहे. लोदहून हैफा फार तर तासाभरावर. "दमून येतील बिचारे. राहू दे जागा."

मुनीर, मोटार चालवायला शिकवतो, अहमदी पंथाचा मुसलमान: येऊन शंभरावर वर्षं झाली, तेही पंजाबात. (तिथून अजून इकडे बातमी पोचली नसेल, तर तो पोस्टाचा दोष.)

ल्युदमिला, पियानोची शिक्षिका, मूळची ओडेसाची, नास्तिक: कोणी येणार नाही. म्हणून जागा कायम राखीव राहील, आणि तिच्या मांजरी तिथे कायम ऊन खातील. मसीहाच्या हक्कासाठी इमारतीत सर्वांत कडवटपणे भांडणारी व्यक्ती हीच.

एलिसेओ किस्पे, बोलिव्हियाहून बहाई बागांत सेवेला आलेला माळी, स्वतः बहाई: आले, तेच आमच्या धर्माचे संस्थापक, त्यांची समाधी उपसागराच्या पलीकडे आक्क्याजवळ आहे, हवामान चांगलं असेल तर तो भाग गच्चीवरून दिसतो.

एफ्राइमला जन्माप्रमाणे 'येणार'मध्ये धरलं तर आले तेहतीस टक्के, येणार तेहतीस, येऊन गेले तरी येणार सतरा आणि प्रश्नच चुकीचा सतरा. (बेरीज शंभर भरली, हे या विषयात बहुधा प्रथमच घडलं.)

एफ्राइमची भिस्त एलिसेओवर होती. त्याच्याकडे ना गाडी होती ना गाडीची हौस, म्हणजे साक्षीदार निःपक्षपाती. एफ्राइमने त्याला बागेच्या कुंपणाशी गाठलं.

"एलिसेओ, बाळा, सभेत उभा राहून तेवढं ठणकावून सांग."

"काका, हात वर करेन. पण या देशात आम्ही कोणाला आमचा धर्म पटवत नाही. तसा आमचा नेम आहे."

"पटवायचं कोणाला? मला पटलंय की!"

"काका, तेही चालत नाही." एलिसेओ अगदी ओशाळला. "इथे कोणी आलं तरी आम्ही घेत नाही."

जगाच्या पाठीवर एफ्राइमने पुष्कळ धर्म पाहिले होते. मागे लागणारे, दार वाजवणारे, पत्रकं वाटणारे. पण आपण होऊन चालत आलेल्या गिऱ्हाइकाला इतक्या नम्रपणे परत पाठवणारं दुकान त्याने पहिल्यांदाच पाहिलं.

सभा फाटकाजवळ, सदर जागेच्या काठावर भरली. सोलिका वरच्याच खिडकीत बसली होती. 'मसीहा आलेला आहे' हा ठराव एफ्राइम, मुनीर, एलिसेओ आणि (भूतकाळापुरता) जिर्यीस अशा चार मतांनी दोनांविरुद्ध संमत झाला. मानवजातीला हजारो वर्षं न सुटलेला प्रश्न चहा निवायच्या आत निकाली निघाला.

"इतिवृत्तात नाव घाला," जिर्यीस म्हणाला.

"कोणाचं?"

"आला त्याचं. नाहीतर सोसायटीत रोज कोणीही येतं."

इथे गाडी रुतली. प्रत्येकाने आपापलं नाव सांगितलं. हज्जाबाईंनी ठरावाविरुद्ध मत देऊनही नाव सुचवलं. शेवटी सगळे एलिसेओकडे वळले.

"विचारलंत म्हणून सांगतो," तो म्हणाला, "आम्ही मानतो, की तुम्ही सगळे ज्याची वाट बघताय, तो एकच आहे."

सभेत आनंदीआनंद झाला. जिर्यीसने मुनीरला मिठी मारली. "बघा, तो एकच!" आणि मग प्रत्येकाने त्या एकाचं नाव पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.

तेवढ्यात मुनीरने घसा खाकरला. "नाव मागाहून भरू. पण तो आलाय म्हटल्यावर जागा सगळ्यांची. माझी शिकवणीची गाडी उद्यापासून इथे."

"आणि माझी?" जिर्यीसने मिठी सोडली.

"माझा मुलगा शुक्रवारी येतो," हज्जा नईमा म्हणाल्या.

"आणि मांजरी?" ल्युदमिला ओरडली.

पाच मिनिटांत सभेला उमगलं, की मसीहा आलेला काही परवडत नाही. तो यायचा होता तोवर इमारतीत शांतता होती. ठराव एकमताने मागे घेण्यात आला. एफ्राइम जिन्याच्या पायरीवर मटकन बसला.

"तुमचा तो येवो न येवो," तो म्हणाला, "माझी बायको तीन महिने खाली उतरलेली नाही. मला दुसरं काही नकोय रे."

ल्युदमिलाने मांजर उचलून छातीशी धरलं. कोणाचा धर्म काय म्हणतो ते त्या क्षणी कोणालाच आठवेना.

"ए शहाण्यांनो!" खिडकीतून सोलिकाचा आवाज आला. "तो आला की गाडी काढता येत नाही का?"

या वाक्यात सगळ्यांनी चूक शोधून पाहिली, पण ती सापडेना. दुसऱ्याच्या वाटेत गाडी लावली की काचेमागे आपला फोन नंबर ठेवायचा, ही तर हैफाची जुनीच रीत. बुझाग्लोंची गाडी त्याच रीतीने जागेची राखण करील, असा नवा ठराव झाला. काचेमागे चार भाषांत पाटी लागली: 'ही जागा मसीहासाठी राखीव आहे. आल्यास कृपया या नंबरावर फोन करावा. पाच मिनिटांत गाडी काढतो.' पहिल्यांदा येणारा, परत येणारा, दमास्कसहून येणारा, सगळ्यांची सोय झाली. ज्यांचा येऊन गेला होता त्यांची हरकत नव्हतीच. मांजरींना मोटारीचं गरम बॉनेट मिळालं, तेव्हा ल्युदमिलाचाही विरोध मावळला.

गुरुवारी सकाळी सोलिका बाजारात गेली. तिने अकरा मासे हुंगले, नऊ नाकारले आणि विक्रेत्याला त्याच्या बापाच्या काळच्या प्रामाणिकपणाची आठवण करून दिली. तीन महिने एफ्राइमच्या गळ्यात वाटेल ते मारणारा तो माणूस घामाघूम झाला. एफ्राइम मागे पिशवी धरून उभा होता आणि मूर्खासारखा हसत होता.

दुपारी मासा ताटात पडला, लाल मिरची, लसूण आणि भरपूर कोथिंबिरीतला. पहिला घास तोंडात जातो न जातो तोच फोन वाजला.

"कोण आहे?" सोलिकाने विचारलं.

"अनोळखी नंबर." एफ्राइमने तो बंद केला. "विमावाले असतील."

पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा त्याने फोन पालथा घालून वर पावाची टोपली ठेवली आणि पाव रश्शात बुडवला.

एफ्राइमला नावं ठेवायची घाई कोणी करू नये. पुढे हा विषय सभेत निघाला, तेव्हा सहाही बिऱ्हाडांनी एकमताने त्याची बाजू घेतली. भाकितांत तुतारी आहे, ढग आहेत, मनोरा आहे, गाढवसुद्धा आहे. जेवणाच्या वेळी अनोळखी नंबरावरून फोन येईल, असं कुठेही लिहिलेलं नाही. तुमच्याही फोनात आज सकाळपासूनचे दोन-तीन तसे पडलेच असतील. ते विमावालेच होते, हे तुम्ही कशावरून ठरवलंत?