अंबादासचा कंगवा

अंबादास नागरगोजेच्या खोलीत कंगवा नव्हता. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं, टकल्या माणसाच्या घरी कशाला असेल कंगवा? तर तसं नाही. पंचेचाळिशीतही त्याच्या डोक्यावर एवढं दाट रान होतं की आमच्यासारख्यांनी नुसतं बघून जळावं. पण कंगवा नाही, तेलाची बाटली नाही, आणि आरसा म्हणाल तर घरमालकानं मोरीत ठोकून ठेवलेला तेवढाच. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "मेंटेनन्स कोण करणार, राव?"

हे त्याचं पेटंट वाक्य. चाकणच्या आमच्या कंपनीत मी स्टोअरला आणि तो मेंटेनन्सला. दिवसभर दुसऱ्यांनी बिघडवलेल्या मशिनी दुरुस्त करायच्या, मग घरी आल्यावर कशाचीही निगा राखायची नाही, असा त्यानं पणच केला होता. पायात बिनलेसचे बूट. मोजे सगळे एकाच रंगाचे, म्हणजे जोडी शोधायला नको. इस्त्री न लागणाऱ्या तीन पँटी. माझ्या बायकोनं, मंगलनं, एकदा त्याला तुळशीचं रोप दिलं, तर दुसऱ्या दिवशी हात जोडून परत आणून दिलं. "वहिनी, हिला रोज पाणी लागतंय." मंगल म्हणाली, "अहो भावजी, पाणी तर तुम्हालाही लागतं!" तर म्हणतो कसा, "मी माझं घेतो की उठून."

रावेतला टॉवर यायच्या आधीची आमची बिल्डिंग. लिफ्ट नाही. मी दुसऱ्या मजल्यावर, तो माझ्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत. एकटाच. लग्नाचा विषय काढला की तेच वाक्य ऐकवायचा, त्यामुळे मंगलनं तो विषय सोडून दिला होता.

तर एवढ्या सगळ्यात एकच गोष्ट त्याच्या पणाला दाद देत नव्हती, ती म्हणजे केस. ते वाढायचे. न विचारता वाढायचे. आणि म्हणून अंबादासला एक असा कट हवा होता की जो कापला की विसरून जायचा. कंगवा नको, तेल नको, हेल्मेट घातलं तरी बसू नये, काढलं तरी उठू नये, आणि तिन्ही शिफ्टला माणूस सारखाच दिसावा.

आमच्या पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. सगळं जग रविवारी लोळतं, आम्ही गुरुवारी. मंगलच्या माहेरी गुरुवारी केसाला कात्री लावत नाहीत, त्यामुळे माझी कटिंग शुक्रवारी ड्युटीवरून येता येता, चोरासारखी. अंबादासला वारबिर काही नव्हता. गुरुवारी सकाळी तो इरफानच्या सलूनमध्ये हजर, आणि फुकटचा पेपर वाचायला शेजारी मी.

इरफानच्या भिंतीवर छत्तीस गोऱ्या पोरांच्या डोक्यांचा तक्ता होता. अंबादास त्यासमोर हात मागे बांधून असा उभा राहायचा, जसा काही नवीन मशीन खरेदी करायला आलाय.

"हा अकरा नंबरचा, धुतल्यावर कसा बसतो?"

"एकदम मस्त बैठता है, साहब. थोडा जेल लगाने का."

"जेल बाद. हा एकवीस?"

"इसमें सुबह खाली हाथ से सेट करने का. दो मिनट."

"रोज दोन मिनिटं? महिन्याचा एक तास झाला, इरफानभाई!"

इरफान माझ्याकडे बघायचा, मी पेपरात तोंड घालायचो. मागं लोकांची रांग लागलेली, आणि याची चौकशी चालू. शेवटी एकदा इरफान वैतागून म्हणाला, "साहब, आपको कटिंग नहीं, टोपी मंगता है."

तरी त्यानं प्रयोग कमी केले नाहीत. आधी मिलिटरी कट झाला. त्याचा परिणाम एवढाच, की गेटवरचा वॉचमन याला सलाम ठोकायला लागला, आणि सलाम आला की उलटा सलाम करायचा, म्हणजे पुन्हा मेंटेनन्स! मग केस वाढल्यावर बाजूनं साफ आणि वर तुरा असा एक कट केला. दुपारपर्यंत तुरा घामानं कपाळावर उतरायचा आणि अंबादास फूं फूं करत तो वर उडवत मशिनीचे नट पिळायचा. मग एक मधला काहीतरी, ज्यात तो मागून त्याचा स्वतःचाच थोरला भाऊ दिसायचा. प्रत्येक कटिंगनंतर बसमध्ये त्या त्या कटचा रिपोर्ट व्हायचा. "फेल," एवढंच म्हणायचा आणि खिडकीला डोकं टेकून झोपायचा.

आणि मग एका गुरुवारी त्यानं शेवटचा उपाय केला. मी त्या दिवशी नेमका मेव्हण्याकडे वाकडला गेलो होतो. असतो तर धरला असता त्याला. इरफानला म्हणाला, "झिरो मार. पार झिरो. आणि मिशी पण काढ, तिलाही कात्री लागते."

इरफान पडला उत्तर प्रदेशचा, आपल्याकडच्या रीतीची त्याला काय कल्पना! त्यानं मारला झिरो.

शुक्रवारी सकाळी अंबादास बसमध्ये चढला आणि चाळीस माणसांची बस गपगार झाली. डोकं गुळगुळीत, मिशी साफ. आपल्याकडे याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. ड्रायव्हरनं गाणं बंद केलं. पहिल्या सीटवरचा सुपरवायझर, जो मंत्र्याला सुद्धा जागा देणार नाही, तो उठून उभा राहिला. मी अंबादासच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "वडील?"

त्यानं तोंड उघडलं. माझ्याकडे बघितलं. डोळे एकदम भरून आले त्याचे. मग मान खाली घातली आणि कंपनीच्या गेटपर्यंत वर केली नाही. आता यापुढे माणसानं अजून काय विचारायचं, सांगा!

गावी क्रियाकर्माला का थांबला नाही, हेही त्या चेहऱ्याकडे बघून कुणी विचारलं नाही. त्या दिवसापासून बिल्डिंगनं अंबादासचं घर हातात घेतलं. सुतकाच्या घरी चूल पेटू द्यायची नाही, म्हणून पहिल्या रात्री मंगलनं पिठलं-भाकरी वर पोचवली. मग समोरच्या वहिनींनी वरण-भात. मग रोज कुणाचा ना कुणाचा डबा. माझ्याशिवाय कधी कुणी पाय न ठेवलेल्या त्या खोलीत संध्याकाळी सतरंजीवर सहा-सात माणसं बसायला लागली. अंबादास स्वतः चहा करायचा. कप दोनच होते, मग वाट्यांत, तांब्यात, डब्याच्या झाकणात. आणि कुणी उठायला लागलं की घाईनं म्हणायचा, "बसा की. काय गडबडंय?"

बोलायचा तर वडिलांबद्दलच. "आमचे दादा लई कडक. पंधरा दिवसाला मला न्हाव्याकडं न्यायचे. मी चुळबुळ करायचो. तर दोन्ही हातांनी माझं डोकं असं गच्च धरून समोर बसायचे. म्हणायचे, हलू नको, कान जाईल." एवढं सांगून आपले दोन्ही तळवे त्या तुळतुळीत डोक्यावर ठेवायचा आणि थोडा वेळ तसाच बसायचा. मंगल डोळ्यांना पदर लावायची. मीही खोकल्याचं निमित्त करून गॅलरीत जायचो.

बारा दिवस असे गेले. तेराव्या दिवशी मला फोन आला, पेंट शॉपमधल्या ढाकणेचा. हा अंबादासच्याच तालुक्यातला, मेहुणीच्या लग्नाला गावी गेला होता. जाता जाता भेटून यावं म्हणून अंबादासच्या गावात शिरला.

"भाऊ," ढाकणे कुजबुजत होता, "मी त्यांच्या ओसरीवर बसलोय."

"मग बोल की मोठ्यानं."

"कसं बोलू? म्हातारा आत चहा ठेवायलाय."

"कोण म्हातारा?"

"मेलेला!"

झालं होतं असं. ढाकणेनं दारात उभं राहून, टोपी काढून, अगदी पडल्या आवाजात म्हटलं, "अंबादासचे वडील गेले, फार वाईट झालं." समोरचा उंच, वाळका म्हातारा त्याच्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "लांबून आलास, बस. च्या घेऊन जा. मीच की त्यो."

माझं टाळकंच सटकलं. बारा दिवस माझी बायको जिना चढउतार करत होती, तिच्या गुडघ्यांचा विचार तरी करायचा! एकेक पायरी आपटत वर गेलो. अंबादास सतरंजी झटकत होता, आज कोण कोण येईल त्याची तयारी.

"तुझा बाप जिवंत आहे," मी म्हणालो.

सतरंजी त्याच्या हातातच राहिली. "व्हय," म्हणाला.

"लाज नाही वाटत? जित्याजागत्या बापाचं सुतक पाळतोस?"

"मी कुठं म्हणलो मेले म्हणून? तुम्ही विचारलं, वडील? मी 'नाही' म्हणणार होतो, आईशप्पथ. पण सात वर्षांत मला दादांचं कुणी विचारलंच नव्हतं. तो शब्द कानावर पडला आणि काय झालं मला कळलंच नाही." खाली बसला तो. "मग लोक यायला लागले. मला वाटलं, उद्या सांगू. उद्या सांगितलं तर परवा कोण येईल?"

मग त्यानं सांगितलं. सात वर्षांपूर्वी घरून फोन आला, आईचं काही खरं नाही, निघ. त्या वेळी इकडे प्रेसची मशीन बंद, लाइन ठप्प. हा म्हणाला, एवढी चालू करून निघतो. पाच तास गेले. गावी पोचला तेव्हा आईला अग्नी देऊन माणसं नदीवरून परतली होती. दादा उंबऱ्यात बसलेले. त्यांनी वर बघितलं आणि एवढंच विचारलं, "झाली का मशीन चालू?"

"मी अंगणातूनच माघारी फिरलो, भाऊ. दहाव्याला गेलो नाही. नंतर कधीच गेलो नाही. एस.टी.त बसायचो, नगरला उतरून परत यायचो."

माझा राग कुठं गेला मला कळलं नाही. मी सतरंजी घेतली आणि त्याच्याबरोबर अंथरली.

पुढच्या गुरुवारी सकाळी आमच्या दारावर काठी वाजली. उघडलं तर धोतर, टोपी, काखेत पिशवी, हातात ढाकणेनं लिहून दिलेला पत्ता. "नागरगोजेची खोली हीच का?" मी म्हटलं, "दादा, वरती." आणि त्यांची पिशवी घेऊन पुढं निघालो.

दारात बापाला बघून अंबादास जो उठून उभा राहिला, तो हलेना. दादांनी सगळी खोली नीट बघितली. दोन कप बघितले. मग म्हणाले, "मी मेल्याचं कळलं. म्हणलं, जाऊन बघावं कुठं मेलो ते."

मला हसू आलं, पण मी ते गिळलं.

"बाप मेला म्हणून टक्कल केलंस," दादा म्हणाले, "पण माती द्यायला काय आला नाहीस."

"दादा, मी ते केस... सोपं पडतंय म्हणून..." पंचेचाळीस वर्षांचा बाप्या, हुंदके देऊन रडायला लागला.

म्हातारा काठी टेकत जवळ गेला. तीन आठवड्यांचे खुंट उगवले होते डोक्यावर. त्यांनी दोन्ही तळव्यांनी ते डोकं धरलं, गच्च. "हलू नको," म्हणाले. आणि मग, "आईला दिले नव्हतेस केस. आता दिलेस. कशासाठी का काढले असंनात, तिला पोचले म्हणायचं."

मी पिशवी हळूच खाली ठेवली आणि जिना उतरलो. मंगलनं विचारलं, काय झालं? म्हटलं, भाकरी टाक, चार जास्त टाक.

दादा दोनच दिवस राहिले. अंबादासनं लाख विनवलं, पण गावाकडं म्हैस होती. "तिचा मेंटेनन्स कोण करणार?" हे म्हाताऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि अंबादासमध्ये हा वाण कुठून आला ते मला कळलं. शनिवारी त्यांना गाडीत बसवून अंबादास परत आला, तर खिडकीत त्यांचा कंगवा राहिलेला. काळा, खिशातला, तीन दात पडलेला.

सोमवारी तो कंगवा अंबादासच्या वरच्या खिशात टेस्टरशेजारी खोचलेला. डोक्यावर अर्धा इंच केस. एव्हाना सगळ्यांना खरी गोष्ट कळली होती, त्यामुळे बसमध्ये हशा पिकला. मी म्हटलं, "अरे, कुरिअर करून टाक."

"छे! कुरिअरनं कसा? हातानं द्यायला लागंल."

गुरुवारला जोडून रजा टाकली आणि गेला. या वेळी नगरला उतरला नाही. तीन दिवसांनी आला, तर कंगवा खिशात!

"दिला नाहीस?"

"विसरलो, राव. गडबडीत राहून गेला. आता परत जायला लागंल."

या गोष्टीला वर्ष होत आलं. केस चांगले वाढलेत, तेल लावून भांग पाडतो, डावीकडून, दादांसारखा. इरफान म्हणतो, नागरगोजेसाब का सबसे मेहनतवाला कट यही है. दर महिन्याला तो कंगवा द्यायला गावी जातो आणि दर महिन्याला विसरून येतो. परवा मी न राहवून विचारलं, "का रे, दादा तरी मागत नाहीत का?"

"मागतात की," अंबादास म्हणाला. "निघताना मी गाडीत बसलो, गाडी हलली, की मग मागतात."