डाव्या गालाची चौकशी

"जीभ वर टाळूला लावा. आता बाहेर काढा. आता उजवीकडे. आणि डाव्या गालात काय ठेवता, ते खरं सांगा."

दातांच्या डॉक्टरीणबाईंचा हा आवाज सोफ्यांच्या कारागिराच्या कानातून आठवडा झाला तरी जाईना. बिचारा गेला होता नुसते दात साफ करायला, तेही बायको हात धुऊन मागे लागली म्हणून. बाईंनी दात ठेवले बाजूला. जिभेखाली पाहिलं, गाल आतून उलटे करून पाहिले, मान चाचपली. "सगळ्यांचंच बघते मी. कॅन्सर असलाच तर लवकर सापडलेला बरा," असं म्हणता म्हणता त्या डाव्या गालाशी थबकल्या. आत पांढरा चट्टा होता.

"तंबाखू?"

"आयुष्यात नाही."

"मग दुसरं काही ठेवता का इथे?"

"काही म्हणजे काही नाही."

"पंधरा दिवसांनी परत या. तोवर जे ठेवत नाही म्हणताय, ते ठेवू नका. चट्टा तसाच राहिला, तर छोटा तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल."

कारागीर देवाशपथ खोटं बोलत नव्हता. पण बायको खुर्चीला खेटून उभी होती, आणि तिने डॉक्टरीणबाईंच्या दिव्यापेक्षाही प्रखर नजरेने त्याच्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून घरात झडती सुरू झाली. रुमालाचा वास घेतला गेला, सदऱ्याचे खिसे उलटे झाले. संध्याकाळी तो दारात पाऊल टाकतो न टाकतो, तोच ती म्हणाली, "जरा 'हा' करा."

"हाऽऽ."

"पुन्हा."

"अगं, मी काय शाळा बुडवून आलोय?"

"शाळा बुडवणारी पोरं परवडली. निदान विचारलं तर कबूल तरी होतात."

कारागिराचाही मग कुणावर विश्वास उरेना. बायकोने गुपचूप दातांची पेस्ट बदलली की काय? डॉक्टरीणबाईंना उगाच फेऱ्या मारायला लावायची सवय तर नाही? आरशासमोर चमच्याने गाल ताणून तो चट्टा पाहायचा, आणि 'तुकडा' हा शब्द आठवला की चमचा झटकन खाली ठेवायचा.

आठव्या दिवशी भरदुपारी कामावर फोन वाजला. एका वकिलांच्या सोफ्याला पाठ बसवणं चाललं होतं. दोन्ही हातांनी कापड ताणलेलं असायचं, म्हणून बारीक खिळे त्याच्या डाव्या गालात असत. जिभेने एकेक ओठांवर आणायचा, लोहचुंबकाच्या हातोडीने टिपायचा, ठोकायचा. तीस वर्षं हेच.

"जेवलात?" बायकोने विचारलं.

"म्हं."

"तोंडात काय आहे?"

"काई नाई," कारागीर अगदी प्रामाणिकपणे म्हणाला.

तिने फोन ठेवला आणि लगेच नणंदेला लावला.

"माझा दादा? आणि तंबाखू?" नणंद उसळली. "अगं वहिनी, त्याला कडक चहासुद्धा सोसत नाही!"

"मग चला माझ्याबरोबर. स्वतःच्या डोळ्यांनी बघा."

दोघी मागच्या दाराने त्याच्या कारखान्यात शिरल्या आणि फोमच्या उभ्या गुंडाळ्यांमागे दबा धरून बसल्या. कारागिराने इकडेतिकडे पाहिलं (हातोडी सापडत नव्हती), खिशात हात घातला, काहीतरी काढलं आणि गालात सोडलं.

"अगं बाई, चिमूट कसली, ही तर मूठ आहे!" नणंदेचा धीर सुटला. धीराबरोबर गुंडाळीही सुटली, आणि दोघी वकिलांच्या अर्ध्या सोफ्यावर जाऊन आदळल्या. पडल्यापडल्याच नणंदेने तळवा पुढे केला. "थुंक दादा! आत्ताच्या आत्ता, माझ्या हातावर थुंक!"

तो थुंकला. एकोणीस खिळे निघाले.

"हे... रोज?" बायकोने विचारलं.

"मग? हात दोनच आहेत. तिसरा कुठून आणू?"

"अहो, मग डॉक्टरीणबाईंना सांगितलं का नाही?"

"त्यांनी विचारलं, गालात काय ठेवता. हे काय ठेवणं झालं? हे काम आहे!"

नणंदेने तिथूनच दवाखान्यात फोन लावला. "खिळे!" डॉक्टरीणबाई इतक्या मोठ्याने म्हणाल्या की सगळ्यांनी ऐकलं. "आजपासून बंद. पंधरा दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजा. बहुतेक घासून झालं असेल, पण बघितल्याशिवाय मी शब्द देणार नाही. आणि घरात कुणाच्या तोंडात तीन आठवडे न भरलेली जखम असेल, अगदी न दुखणारी, तर त्यांनाही घेऊन या."

कारागीर सुटल्यासारखा हसला. नणंदही हसली. बायको हसली नाही. तिने ओठ असे मिटले होते, की एकोणीस खिळे आता तिच्याच तोंडात असावेत.

"काय गं?"

"कुठे काय."

"आ कर."

"इथे? लोक काय म्हणतील?"

"मला दारात 'हा' करायला लावलंस, तेव्हा लोक गावाला गेले होते?"

तिने भिंतीकडे वळून तोंड उघडलं. जिभेच्या कडेला लालसर जखम होती.

"किती दिवस?"

"दीड महिना."

"आणि माझे खिसे तपासत होतीस!"

"म्हटलं, तुम्हाला आधी पाठवावं. बघावं तरी, त्या दुखवतात का," ती हळू आवाजात म्हणाली. "तर तुमचाच चट्टा निघाला. मग माझं कुठल्या तोंडाने सांगू?"

कारागिराने तिची पिशवी उचलून तिच्या हातात दिली. तिने डोळे टिपले. "उद्या जाईन." त्याने दाराकडे बोट केलं. "बरं, आत्ता जाते. एकटी जाते. तुम्ही सोफा पुरा करा. शब्द दिला म्हणजे दिला."

पिशवी खांद्याला लावून ती निघाली. नणंद खिळे डबीत भरू लागली. कारागिराने हातोडी उचलली, खाली ठेवली, आणि वीस पावलांचं अंतर राखून तोही निघाला. न जाणो, मध्येच मागे फिरली तर?

कोपऱ्यावर तिची पावलं खरोखरच मंदावली. तो चटकन दिव्याच्या खांबामागे झाला.

"खांबाबाहेर पोट दिसतंय तुमचं," ती मागे न बघता म्हणाली, आणि दवाखान्याच्या पायऱ्या चढू लागली.