हात बघ, तोंड सोड

बिराप्पा अण्णा लॅपटॉपचे व्हिडिओ आवाज बंद करून बघतात. सत्तरी ओलांडलेला माणूस. स्वतःचा लॅपटॉप नाही, घ्यायचा नाही, चालू कुठून करतात तेही ठाऊक नाही. पण माझ्या दुकानातल्या बाकड्यावर बसून, चष्मा कपाळावर चढवून मोबाइल नाकाशी धरतात आणि पडद्यावरच्या पोराच्या हाताकडं टक लावून बसतात. तो पोरगा काय बोलतोय याच्याशी त्यांना काडीचं देणंघेणं नाही. मी एकदा आवाज वाढवला तर माझ्यावरच डाफरले, "हात बघ, तोंड सोड."

बसवकल्याणजवळच्या राजेश्वर गावाच्या फाट्यावर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. ज्याच्याकडं प्रिंटर आहे त्याला सगळं कळतं, असा इकडच्या लोकांचा समज. म्हणून कुणाला लॅपटॉप घ्यायचा झाला की तो मला विचारायला येतो. मला ओ की ठो कळत नाही. मी आपला एखादा व्हिडिओ लावून द्यायचो आणि माझ्या कामाला लागायचो. सहा वर्षांपूर्वी गुडघे दुखतात म्हणून अण्णा बाकड्यावर टेकायला लागले, आणि बघता बघता तो सगळा कारभार त्यांनी आपल्याकडं घेतला.

अण्णा जन्मभर बैलबाजारात हेडी होते. हेडी म्हणजे दलाल. विकणारा एकीकडं, घेणारा एकीकडं, मध्ये हे. भाव तोंडानं नाही, उपरण्याखाली एकमेकांची बोटं धरून ठरायचा. त्यातून त्यांचं एक शास्त्र तयार झालं होतं. माणूस खरं बोलत असला की त्याचा हात जनावराच्या अंगावर राहतो, आणि खोटं सुरू झालं की हात आपोआप उचलला जातो. हेच शास्त्र त्यांनी लॅपटॉपला लावलं. बिजागरीला ते मान म्हणत, चार्जिंगला वैरण आणि आतल्या पंख्याला दम. "ह्यो बघ, वैरणीचं बोलायलाय अन् हात खिशात घालायलाय," असं म्हणून एक लांबलचक "नक्को" सोडायचे. झाला निकाल.

लोक हसायचे. हायस्कूलचे एक गुरुजी तर फारच हसले. त्यांनी अण्णांनी नक्को म्हटलेलाच लॅपटॉप मुद्दाम घेतला. सहा महिन्यांत त्याची मान मोडली. आता गुरुजी तो भिंतीला टेकवून उघडतात आणि अण्णा दिसले की रस्ता बदलतात. एकदा मी अण्णांना बसवकल्याणला एका दुकानात घेऊन गेलो होतो. तिथला विक्रेता माहिती सांगायला लागला तसं यांनी त्याचा हात धरून उपरण्याखाली ओढला. तो बिचारा घाबरून मालकाला हाका मारायला लागला. पुन्हा मी त्यांना कुठं नेलं नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती. अण्णा "नक्को" म्हणत, नाहीतर गप्प बसत. "घे" असं त्यांनी सहा वर्षांत कुणालाच म्हटलं नाही. त्याचं कारण गावाला ठाऊक होतं आणि मलाही. पंचवीसेक वर्षांपूर्वी त्यांनी मंठाळच्या एका शेतकऱ्याला हात वर करून "घे" म्हणून सांगितलेला बैल मारका निघाला. तिसऱ्या दिवशी त्यानं त्या शेतकऱ्याच्या कर्त्या मुलाला शिंगावर घेतलं. मुलगा गेला. अण्णांना बैलाची खोड ठाऊक होती, दलालीपायी लपवली, असं सगळे म्हणत. अण्णांनी त्याच आठवड्यात बाजार सोडला, पण कुणाला उलटून उत्तर दिलं नाही. उत्तर दिलं नाही म्हणजे खरंच असणार, असं मीही धरून चाललो होतो.

आता माझ्या घरचं सांगतो. माझी मुलगी शोभा, एकुलती एक. बी.एस्सी. झाली आणि तिनं हैदराबादच्या एका कंपनीचं घरबसल्या काम मिळवलं. डॉक्टर बोललेलं ऐकायचं आणि टाइप करायचं. एक महिना बघणार, मग कायम करणार. अट एकच, स्वतःचा लॅपटॉप पाहिजे. दुकानातला कॉम्प्युटर आमच्याकडं वीज असेल तेवढाच चालतो, म्हणजे चालत नाही असंच म्हणा. त्याच सुमारास भालकीच्या पाव्हण्यांनी तिला मागणी घातली होती. शोभाला लग्न एवढ्यात नको होतं. मी म्हणालो, काम टिकलं तर दोन वर्षं लग्नाचं नाव काढणार नाही. न टिकलं तर आखाड लागायच्या आत उरकायचं. तिनं मान्य केलं. तिची सगळी दोन वर्षं त्या एका यंत्रावर येऊन बसली.

तिनं एक लॅपटॉप निवडला. व्हिडिओ हैदराबादच्या एका पोराचा होता. तो आपल्यासारखीच दखनी हिंदी बोलतो, म्हणून इकडं त्याच्यावर सगळ्यांचा जीव. ती मोबाइल घेऊन अण्णांपुढं स्टुलावर बसली. आवाज अर्थात बंद, दुकानात अण्णांसमोर तो लावायची कुणाची टाप नव्हती. अण्णांनी तो चार वेळा बघितला. त्या पोराचा हात लॅपटॉपवरून हलतच नव्हता.

"आज्जा, घेऊ का?" तिनं विचारलं.

अण्णांनी मोबाइल खाली ठेवला आणि बराच वेळ तिच्या तोंडाकडं बघितलं. मग म्हणाले, "घे."

मी लॅमिनेशन करत होतो. ऐकलं आणि हातातला कागद वाकडा गेला. शोभा तर उड्या मारतच घरी गेली. तिनं तो व्हिडिओ पुन्हा बघितलासुद्धा नाही. कशाला बघेल? आज्जांनी कुणाला न दिलेला शब्द तिला दिला होता.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण सांगताना अजून डोकं तापतं. एप्रिल संपत आला होता आणि घरावर पत्रे. दुपारी अकरा वाजले की तो लॅपटॉप तापायचा आणि आपोआप बंद पडायचा. आम्ही त्याच्याखाली ओली फडकी ठेवली, टेबलफॅन लावला, माठाशेजारी ठेवून बघितला. कलबुर्गीला दाखवला, तर एवढ्या गरमीत तो दिवसभर चालवूच नका म्हणाले. तिसऱ्या आठवड्यात कंपनीनं शोभाला सांगितलं, उद्यापासून नको. ती रडली नाही. लॅपटॉप पुसला, खोक्यात भरला आणि आईला म्हणाली, पाव्हण्यांना कळवा.

दुसऱ्या दिवशी अण्णा नेहमीसारखे बाकड्यावर येऊन टेकले आणि मी भर गिऱ्हाइकांत तोंड सोडलं. काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. शेवटचं आठवतं. "त्या मंठाळच्या पोराला घालवलंत, आता माझ्या पोरीला घालवलंत," असं म्हणालो. अण्णा उठले आणि निघाले. उपरणं बाकड्यावरच राहिलं. मी ते खिळ्याला अडकवलं आणि हाक मारली नाही.

लग्न आखाडाच्या आत झालं. मुलगा मी बघितला होता, तासभर. चहा झाला, पोरगं शांत वाटलं, मी होकार दिला. शोभा आता दर रविवारी फोन करते. कशी आहेस विचारलं की म्हणते, बरी हाय. मागच्या रविवारी तिनंच विचारलं, "आज्जा बसतात का दुकानात?" ते त्या दिवसापासून आलेच नव्हते. फोन ठेवला, खिळ्यावरचं उपरणं काढलं आणि अण्णांच्या घरी गेलो.

त्यांची बायको जाऊन बारा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. अण्णा अंगणात रिकाम्या दावणीजवळ बसले होते. उपरणं मी त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी आधी विचारलं, "पोरगी कशी हाय?"

"बरी हाय म्हणती."

"म्हणती," ते म्हणाले.

मग त्यांनीच लॅपटॉपचा विषय काढला. मी तोंड सोडलं त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी आपल्या मोबाइलवर तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितला होता. हात हललेला सापडेना. शेवटी शेजारणीकडून त्यांनी मोबाइलचा आवाज चालू करून घेतला. सहा वर्षांत पहिल्यांदा.

"तो खोटं बोलत नव्हता रे माणिक. शेवटी सांगायलाय त्यो. आठ दिवसच वापरलाय, तेबी एसीच्या खोलीत. गरमीत कसा चालतो मला ठाव न्हाई, इचार करून घ्या. सगळं सांगितलंय त्यानं. मीच ऐकलं न्हाई."

ते उपरण्याची घडी घालत होते, मोडत होते, पुन्हा घालत होते.

"त्या बैलाचा मालकबी सांगत व्हता. नव्या माणसाला चार दिस जपायला सांगा म्हणाला. त्याचा हात वशिंडावर घट्ट. मी हात बघितला, बोटं धरली, भाव जमवला. त्यो बोललेलं कानावर पडलं, पण मी ध्यानात घेतलं न्हाई. पुढं सांगितलंच न्हाई." त्यांनी घडी पुन्हा मोडली. "लोक म्हणत्यात लपवलं. लपवाया आधी ऐकायला पायजे व्हतं."

म्हणजे पंचवीस वर्षं या माणसानं गावाला हे सांगितलं नव्हतं. मी तर त्यांना भर दुकानात खुनी ठरवून मोकळा झालो होतो. माझी मलाच लाज वाटली.

"त्या पोरानं आठ दिवस बघून सांगितलं," अण्णा म्हणाले. "तू मला सहा वर्षं बघायलास. तू सांग. मी जाणून दिला आसेन का रे त्यो बैल?"

मी जवळ सरकलो आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. सदऱ्याखाली नुसती हाडं लागली. हात मी काढला नाही. अण्णांनी मान वळवून त्या हाताकडं बघितलं, बाजारात बघत असतील तसं, निरखून.

"हात बघितला," ते म्हणाले. "आता तोंडानं बोल."

"न्हाई अण्णा. तुम्ही जाणून न्हाई दिला."

"पुन्हा बोल," ते म्हणाले. मी पुन्हा बोललो.