आधी बायोसला विचारा

साखर पेठेत लॅपटॉप दुरुस्त करणारे अण्णा गिऱ्हाइकाला नाव विचारत नाहीत, बायोस कुठला ते विचारतात. यंत्र सुरू होताना सगळ्यात आधी जागं होणारं ते फर्मवेअर. त्यानं नवा प्रोसेसर ओळखला नाही, तर पडदा काळाच राहतो.

"बसतंय की," प्रोसेसर खाचेवर नुसता धरून अण्णा म्हणतात, "पण चालत नाही."

हे वाक्य ते कशालाही लावतात. नव्या नगरसेवकाला, समोरच्या भाडेकरूंना, माझ्या पत्रकांना. मला ते क्रांतिकारक म्हणतात आणि माझ्या पत्रकावर सुटे स्क्रू ठेवतात. कंपन्या हल्ली प्रोसेसर सोल्डर करून कायमचे जोडून टाकतात, म्हणजे जुनं फेकून नवं घ्यावंच लागतं, ही लूट आहे, असं मी एकदा छापलं होतं. तेवढं पत्रक त्यांनी वाचलं. शुद्धलेखन बरं आहे म्हणाले.

चार वर्षांपूर्वी त्यांच्या लेकीनं, लावण्यानं, माझ्या थोरल्या भावाशी लग्न ठरवलं. आमची जात वेगळी, त्यांच्या लेखी खालची. भाऊ त्यांच्याकडे जाऊन चहा पिऊन आला. निघताना तो उंबऱ्यापर्यंत पोचलाही नव्हता, तेवढ्यात अण्णांनी तेच वाक्य म्हटलं. दोघं पुण्याला गेली. तेव्हापासून लेकीचा एकही फोन अण्णांनी उचललेला नाही. हे मी त्यांना माफ केलेलं नाही. दुकानात जातो तो भांडायलाच.

गेल्या आठवड्यात वहिनीनं माझ्या हाती एक प्रोसेसर पाठवला. तिचा कॉलेजातला लॅपटॉप अण्णांकडेच आहे, त्यात घालायला. "अण्णांना सांग, आता व्हिडिओ कॉल अडकणार नाही. नात चालायला लागलीय."

अण्णांनी तो उलटापालटा करून पाहिला. मी वाक्याची वाट पाहत होतो, उत्तरही तयार होतं.

"आधी बायोस नवा टाकावा लागतो," ते एवढंच म्हणाले.

"मग टाका की. रोज टाकता."

त्यांनी लॅपटॉप सुरू केला. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटली: हा लावण्याचा आहे, हात लावू नका. क्षणभरात गेली.

"पोरीनं बायोसमध्ये घातलेली. नवा टाकला की ही पुसली जाते."

रोज सकाळी ते हा लॅपटॉप चालू करून लगेच बंद का करतात, ते मला आत्ता कळलं.

"अण्णा, ती स्वतःच बोलेल ना तुमच्याशी."

"ती बोलेल. मी काय बोलू?"

त्यांनी पत्रकावरचे स्क्रू बाजूला सारले, ते उलटं केलं आणि लॅपटॉप पुन्हापुन्हा चालू करत ती ओळ अक्षर न् अक्षर उतरवून घेतली. चार्जर खोचला. मग नवा बायोस टाकायचं बटण दाबलं.

ओळ गेली. अण्णांनी यंत्र उघडलं, जुना प्रोसेसर काढला, नवा खाचेवर ठेवला.

"बसतंय की," ते म्हणाले, आणि पुढचं बोललेच नाहीत.