लेकीच्या दारात नाशिकचं पाणी

लोक सदऱ्याच्या खिशात पेन ठेवतात, दिनकर भावोजी कांदा ठेवायचे. होळी झाली की तो खिशात जायचा आणि मृग लागला की बाहेर यायचा. मधे लग्न असो, मयत असो, बँकेत जायचं असो, कांदा बरोबर. एकदा चांदवडला एका लग्नात अक्षता टाकताना ते वाकले आणि कांदा घरंगळत अंतरपाटाखाली गेला. भटजी मंगलाष्टक तोडून बघत राहिले. भावोजी म्हणाले, "चालू द्या. उन्हाळी आहे, टिकतो."

हे माझे धाकटे दीर. मोटारीच्या वर्कशॉपमध्ये फोरमन होते. पंचवटीत आमची दारं समोरासमोर. कांदा जवळ असला की ऊन लागत नाही, असं आमच्याकडे सगळेच म्हणतात. पण भावोजी त्याला शास्त्र म्हणायचे. स्वतः करतील ते शास्त्र. दुसऱ्याने काही सांगितलं की त्यांचा एकच शब्द ठरलेला, "कारण सांगा."

शनिवारी नखं काढू नका म्हटलं की कारण सांगा. मांजर आडवं गेलं, थांबा म्हटलं की कारण सांगा, मांजरालाही कुठेतरी जायचं असेल. कारण सांगता आलं नाही की समोरचा हरला. माझ्याशी त्यांचं कधी जमलं नाही, ते यामुळेच. मी कारणं देत बसत नाही. करायचं असेल तर करते, नाहीतर नाही.

त्यांची बायको गेली तेव्हा वंदना, त्यांची एकुलती मुलगी, नऊ वर्षांची होती. तिच्या वेण्या मी घातल्या, मार मी दिला, लग्नात आईच्या जागी मी उभी राहिले. ती मला मोठी आई म्हणते. जावई जमिनीखालचं पाणी शोधायच्या सरकारी खात्यात आहे. त्याची बदली झाली थेट राजस्थानात, वाळवंटात. भावोजी म्हणाले, "पाणी शोधणाऱ्याला तिथे पाठवलं, म्हणजे शिक्षाच आहे." वंदीला दिवस गेले होते. त्याआधी एकदा चौथ्या महिन्यात तिचं पोट पडलं होतं, त्यामुळे या खेपेला सगळ्यांचाच जीव टांगणीला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून मी डिंक आणून ठेवला, तर तिकडच्या डॉक्टरीणबाईंनी प्रवासच बंद केला. तिला सासू नाही. म्हणजे मला जाणं भाग. दिवस वैशाखाचे, आणि मला गाडी लागते. सिन्नरपर्यंत गेले तरी दोनदा उलटी होते.

भावोजी म्हणाले, "तुम्हाला झोपवून नेतो."

सिन्नरच्या एका कारखान्याची कामगार नेणारी जुनी मिनीबस त्यांनी त्याच हिवाळ्यात घेतली होती. बाकडी काढून दोन खाटा बसवल्या. स्टोव्ह, फळी, धुण्याची दोरी, मागे पाण्याची दोन पिंपं. सगळी गल्ली बघायला यायची. कोणी विचारलं, दिनकरराव, राहतं घर पडलं का? ते म्हणाले, "घर आहे तिथेच आहे. हे दुसरं." खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावले. ते ओले ठेवायला सलाईनच्या रिकाम्या बाटल्या उलट्या टांगून त्यातून थेंब थेंब पाणी सोडलं. टपावर ओलं गोणपाट. आणि चालकाच्या डोक्यावर भिंतीवरचं तापमापक.

विधवा वहिनी आणि विधुर दीर गाडीत बसून निघाले म्हणून गल्लीत थोडी कुजबुज झाली. माझं वय तेव्हा साठ. लोकांना दुसरं काम नव्हतं एवढंच.

सापुताऱ्याच्या घाटात मी जी सुरू झाले ती गुजरातेत उतरेपर्यंत. पुढे एका नाक्यावर पोलिसाने गाडी थांबवली. आत सलाईनच्या बाटल्या बघून त्याने विचारलं, "पेशंट कोण?" भावोजींनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी दिसतही तशीच होते. पोलिसाने हात जोडून पुढची वाहनं बाजूला काढली. भावोजी मैलभर हसत होते. मला हसायचं त्राण नव्हतं.

पहाटे निघायचं, दहाला झाडाखाली थांबायचं, ऊन उतरलं की पुन्हा निघायचं. दुपारभर ते मला पन्हं पाजत, तळपायाला कांदा चोळायला लावत, तापमापकाचा आकडा मोठ्याने वाचत. आकडा वाढला की खूश व्हायचे. गोणपाटावर पाणी ओतायचे आणि म्हणायचे, "बाहेर बेचाळीस, आत छत्तीस. काय समजलात?" मला छत्तीसही पुरेसे होते.

एक मात्र विचित्र. दोन पिंपांपैकी एकाला त्यांनी झाकण बांधून मेण लावलं होतं. ते नाशिकचं पाणी. त्याला हात लावायचा नाही. वाटेत ते धाब्यावरचं प्यायले, देवळातल्या रांजणातलं प्यायले, एका ठिकाणी म्हशी शेजारी उभ्या असताना हापशाचं प्यायले. मी म्हटलं, "अहो, घरचं असताना?"

"ते तिकडे लागेल. तिकडचं पाणी खारं असतं. शास्त्र आहे."

"मला लागेल तेव्हा?"

"तुम्ही वंदीकडचं प्या. तुम्हाला चालतं."

मी उलट्यांनी बेजार होते. त्या शब्दाकडे माझं लक्ष गेलं नाही.

अबूच्या डोंगरावर चढलो तेव्हा माझी नाडी मंद लागत होती. म्हणून त्यांनी दोन दिवस तिथेच गाडी लावली. गार वारा, तळं, लोक आइस्क्रीम खात फिरतायत. मला जिवात जीव आला. भावोजी मात्र तोंड पाडून बसले. तापमापक काढून झटकून बघितलं. "सव्वीस. एवढं सगळं बांधून आणलं, आणि सव्वीस!" फोनच्या बूथवरून वंदीला विचारत होते, "पायाला सूज आहे का? लघवीला साफ होतं का?" ओरडून, कारण फोन लांबचा. सगळ्या बाजाराला वंदीची लघवी कळली.

अबू उतरलो आणि तिसऱ्या दिवशी वाळवंट लागलं. भाकरीच्या तव्यावर वाकलं की तोंडावर येते तशी धग, पण ती सगळीकडून. झाडं म्हणजे काटे. पारा नळीच्या टोकाला जाऊन बसला. मग भावोजींनीही आकडा वाचणं सोडलं.

वंदी सरकारी क्वार्टरच्या दारात उभी होती. पोट पुढे आलेलं, हातात तांब्या-भांडं. मी उतरून दोन तांबे प्यायले. भावोजी म्हणाले, "इंजिन तापलंय, बघतो." आणि गाडी कुंपणाबाहेरच्या कडुनिंबाखाली नेऊन लावली. जेवायला बोलावलं तर म्हणाले, पोट बरं नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाले, गाडीत सवय झाली. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्टोव्हवर स्वतःचं पिठलं केलं. मेण फोडलं आणि नाशिकचं पाणी काढलं. वंदीची चौकशी कुंपणापलीकडूनच.

वंदी माझ्याजवळ रडली. "मोठी आई, बाबा माझ्यावर रागावलेत का? माझ्या घरचा चहासुद्धा घेत नाहीत."

मी म्हटलं, "रागावलेले नाहीत. उन्हाने डोकं फिरलंय." मला दुसरं काही माहीत नव्हतं.

दिवस भरले तरी बाळंतपण लांबलं. चार दिवस गेले, आठ गेले. पिंपातलं पाणी तळाला गेलं. वाळ्यावर ओतायला पाणी नाही, गोणपाट सुकून कडक झालेलं. भावोजी मोजून घोट घ्यायचे. एका दुपारी मी बघायला गेले तर ते खाटेवर पडलेले. ओठ फुटलेले, अंग तापलेलं, पण घामाचा टिपूस नाही. मी धावत घरातून पाणी आणलं. त्यांनी दात आवळले.

"प्या म्हणते ना!"

"ते वंदीच्या घरचं आहे."

"मग शेजारणीकडचं आणते."

"टाकी एकच आहे. मी वर चढून बघून आलोय."

साठीचा माणूस, असल्या उन्हात, लोखंडी शिडीने टाकीवर चढून आला होता. मला राग आला. मी म्हटलं, "कारण सांगा."

ते गाडीच्या पत्र्याकडे वळले. मग पत्र्यालाच सांगितल्यासारखं बोलले. "गेल्या खेपेला मी तिच्याकडे चार दिवस राहिलो होतो. आमरस खाल्ला. वाटी पुढे करून करून खाल्ला. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं पाणी पिऊ नये, ते मला ठाऊक होतं, वहिनी. तिच्यासमोर हसलो मी त्याला. महिन्याभरात पोट पडलं."

"त्याचा याच्याशी काय संबंध?"

"मग कशाने पडलं? मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, असं होतं कधीकधी, कारण सांगता येत नाही."

मला पटकन बोलायची सवय आहे. बापाच्या जेवण्याने मुलं जात असती तर या देशात गर्दी झाली नसती, असं तोंडावर आलं होतं. त्यांना सगळ्याचं कारण लागायचं. डॉक्टरांनी दिलं नाही, म्हणून त्यांनी जवळ सापडलं ते धरलं होतं. आणि तरी लेकीपासून लांब राहवलं नाही, म्हणून तिच्या दारात जेवायला-प्यायला दुसरं घर बांधून आणलं. मला वाटत होतं, माझ्या उलट्यांसाठी आणलं.

तेवढ्यात रस्त्यावरून उंटगाडी चालली होती, कलिंगडांनी भरलेली. मी हात करून थांबवली. आमच्या हिंदीत विचारलं, "भैया, ये किसके घर का है?" तो गांगरला. म्हणाला, "मेरे खेत का, माँजी." मी एक घेतलं, पायरीवर आपटून फोडलं आणि गर भावोजींच्या तोंडाशी नेला. "हे याच्या शेतातलं. तुमच्या लेकीचं नाही, टाकीचं नाही. आणखी कारण हवंय?"

त्यांनी निमूट खाल्लं. बिया थुंकायचंही विसरले. त्या उंटवाल्याला सांगून रोज त्याच्या गावच्या विहिरीचा एक घडा मागवला. वंदीला मी काहीच सांगितलं नाही. पोट जड झालेल्या बाईला असलं काही सांगायचं नसतं.

त्यानंतर पाचव्या दिवशी पहाटे कळा सुरू झाल्या. तिला त्यांच्याच गाडीतून दवाखान्यात नेलं. दुपारी बारा-एकला मुलगी झाली. बाहेर आले तर भावोजी गाडीच्या पायरीवर उन्हातच बसलेले.

"दोघी ठीक?"

"दोघी ठीक."

"रडली का लगेच?"

"पलीकडच्या वॉर्डातल्या बायका उठून आल्या बघायला."

त्यांनी मान हलवली. मी म्हटलं, "आता प्या कुठलंही. झालं ना मूल?" ते म्हणाले, "घरी."

तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. खाटेवर वंदी आणि बाळ, आणि भावोजी गाडी अशी हाकत होते की एक दूधवाला सायकलवरून पुढे निघून गेला आणि वळून वळून बघत राहिला. घराशी मी भाकरतुकडा ओवाळून टाकला. त्याचंही कारण त्यांनी विचारलं नाही. मग त्यांनी चपला काढल्या, पहिल्यांदा त्या घरात पाऊल टाकलं आणि जावयाने पुढे केलेली खुर्ची सोडून खाली भिंतीला टेकून बसले.

"वंदे," ते म्हणाले, "पाणी दे गं."

मी म्हटलं, बस, मी देते. पण ती बाळ माझ्या मांडीवर ठेवून उठली. भिंतीला धरत माठापर्यंत गेली आणि भांडं भरून आणलं. भावोजींनी ते दोन्ही हातांत घेतलं आणि न थांबता, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.

"जड आहे तुमच्याकडचं पाणी," ते म्हणाले आणि भांडं पुन्हा तिच्यापुढे धरलं.

मी बाळ जावयाच्या हातात दिलं, आत गेले आणि एक वाटी तांदूळ जास्त धुतले.